रक्तातला युरिया आणि पोत्यातला युरिया

"डॉक्टर, रक्तात युरिया वाढलाय म्हणत्यात. आपण पिकाला टाकतो त्योच का ह्यो?"

लॅबोरेटरीचा कागद पुढे सरकवीत हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारा बहुधा शेतकरी असतो आणि त्याचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. नाव एकच आहे, इतकेच नव्हे तर पदार्थही तोच आहे. लघवीवाटे बाहेर पडणारा युरिया आणि ४५ किलोच्या पोत्यातला पांढरा दाणेदार युरिया यांत, वरचा कडुनिंबाचा लेप सोडला तर, रसायनशास्त्राच्या दृष्टीने तसूभरही फरक नाही.

अडचण प्रश्नात नाही, त्यावर गावोगाव तयार असलेल्या उत्तरात आहे. रासायनिक खताची भाजी खाल्ल्यामुळे रक्तात युरिया चढला, ती बंद केली की उतरेल, असे कोणीतरी सांगते. मग घरातली भाजी बदलते आणि तिच्याबरोबर रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्याही बंद होतात. सहा महिन्यांनी तोच माणूस पायावर सूज आणि चढलेला दम घेऊन येतो. तोपर्यंत मूत्रपिंडाचे जे नुकसान व्हायचे ते झालेले असते. म्हणून आजच्या लेखात नेहमीप्रमाणे पोटापासून सुरुवात न करता थोडे जमिनीत उतरू आणि पिकाचे मूळ नेमके काय खाते ते पाहू.

सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममध्ये व्हान हेल्मॉन्ट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती एका कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांवर गेले. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तिच्यात जेमतेम २ औंसांची, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास घट आली होती. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. झाड निव्वळ पाण्याचे बनते असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकला, कारण झाडाच्या अंगातला कर्ब हवेतून येतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याला मात्र त्या ५७ ग्रॅमशी कर्तव्य आहे. मुळाने मातीतून वेचून नेलेले नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त वगैरे सगळे त्यात आले. वजनाने चिमूटभर, पण त्याच्याशिवाय झाड उभे राहत नाही.

हे वेचण्याचे काम जुने, जाड, तपकिरी मूळ फारसे करीत नाही. शेतकरी जिला 'पांढरी मुळी' म्हणतात ती कोवळी मुळी आणि तिच्यावरचे केसासारखे बारीक तंतू ते करतात. अमेरिकेत डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली राय नावाच्या, गव्हासारख्या पिकाच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे मोजून काढली. एकूण लांबी सुमारे ६२३ किलोमीटर भरली. मुंबईहून निघून नागपूरच्या अलीकडे पोहोचावे एवढी, आणि हे एका रोपाचे. आम्हा डॉक्टर मंडळींना हे वाचून लहान आतड्याची आठवण येते. आतड्याच्या आतल्या बाजूलाही असेच असंख्य बारीक अंकुर असतात आणि कारणही तेच, थोड्या जागेत शोषणाचा पृष्ठभाग वाढवणे. आतड्याची पिशवी उलटी करून मातीत पसरली की झाले मूळ, असे मी गमतीने म्हणतो.

मुळाला दात नाहीत. शेणाचा कण किंवा खताचा दाणा त्याला गिळता येत नाही. पाण्यात विरघळलेले सुटे क्षारकणच आत जाऊ शकतात. शेणखत असो, पेंड असो, गांडूळखत असो की पोते असो, जमिनीतल्या जंतूंनी त्याचे विघटन करून अमोनियम किंवा नायट्रेट केले की मुळाला बहुतेक नत्र त्या रूपात मिळते. नायट्रेटच्या कणावर तो गोठ्यातून आला की कारखान्यातून, असा शिक्का नसतो. आणि आत शिरणे म्हणजे गाळणीतून पाणी जाणे नव्हे. मुळाच्या आतल्या थरातील पेशींभोवती मेणासारख्या पदार्थाचा पट्टा असतो; त्यामुळे फटीफटीतून घुसण्याचा रस्ता बंद होतो आणि प्रत्येक कणाला जिवंत पेशीच्या दारातून जावे लागते. ही दारे ठरावीक कणांसाठी असतात. पालाशसारखे काही क्षार तर बाहेरच्या पाण्यापेक्षा आत शंभरपटीहून अधिक साठवलेले असतात. उताराच्या उलट दिशेने पाणी चढवायला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. मुळाची वीज म्हणजे श्वसन.

'वाफसा' या शब्दाचे मोल येथे कळते. जमिनीत ओल हवी आणि हवाही हवी. उसाला पाटाने पाणी देत राहिले, सरीत ते चार-चार दिवस तुंबले की मुळाला प्राणवायू मिळत नाही, पंप थांबतो आणि खत भोवती पडलेले असूनही पीक पिवळे पडते. शेतकरी बघतो, पिवळे दिसते म्हणून आणखी एक पोते टाकतो. दमेकऱ्याला श्वास घेता येत नसताना शिऱ्याचे ताट पुढे करावे, त्यातला हा प्रकार.

खत मुळापर्यंत पोहोचते कसे, हेही नत्राचे वेगळे आणि स्फुरदाचे वेगळे. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते, मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. रोपाने पाणी ओढले की ते मुळाकडे येते, आणि पाणी खाली पाझरले की तेही खाली जाते. स्फुरद याच्या अगदी उलट. चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी बांधले जाते आणि जागचे हलता हलत नाही. काही मिलिमीटर सरकले तरी पुष्कळ. म्हणून डीएपी वरून फोकण्यापेक्षा दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याजवळ पेरणे शहाणपणाचे. हे जुन्या लोकांना ठाऊक होते. टाकलेल्या नत्रातले साधारण ३० ते ५० टक्के आणि स्फुरदातले १५ ते २० टक्केच त्या हंगामातल्या पिकाच्या अंगी लागते, असे कृषिशास्त्राचे सर्वसाधारण आकडे आहेत. बाकीचे कोठे जाते हे शेवटी पाहू, कारण डॉक्टर म्हणून मला काळजी त्याची आहे.

आता युरियाकडे परत येतो. पोत्यातला युरिया ओल्या जमिनीत पडला की काही दिवसांतच जंतूंच्या विकरामुळे फुटून त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत बहुतांश नायट्रेट. फवारणीतून किंवा मुळातून थोडा युरिया तसाच आत गेला तरी वनस्पतीच्या पेशी त्याचे तुकडे करतात. त्या नत्रापासून वनस्पती प्रथिने बनवते. ती डाळीतून, भाकरीतून, दुधातून आपल्या पोटात येतात. शरीराला लागतील तेवढी वापरली जातात, उरलेल्यांचे आणि रोज झिजणाऱ्या पेशींतील प्रथिनांचे विघटन होते. त्यातून निघणारा अमोनिया विषारी असल्याने यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. निरोगी प्रौढ माणूस रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकतो. आयुष्यभर फक्त शेणखतावरचे धान्य खाल्लेला माणूसही तेवढाच टाकतो.

म्हणजे पोत्यातला नत्र आपल्या शरीरात येतच नाही का? येतो. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या अन्नामागे कारखान्यात बनलेले नत्र उभे आहे. पण तो प्रथिन होऊन येतो, युरिया होऊन नाही. रक्तातला युरिया आपल्याच यकृताने, आपल्याच घरात बनवलेला असतो. ज्याला एवढ्याने पटत नाही त्याला मी इतिहास सांगतो. फ्रान्समध्ये रुएल यांनी मूत्रातून युरिया वेगळा काढला तो १७७३ साली. जर्मनीत वोलर यांनी तो प्रयोगशाळेत बनवला १८२८ साली. माणसाच्या अंगात युरिया होता तेव्हा जगात युरियाचे एकही पोते नव्हते.

चाणाक्ष शेतकरी येथे हमखास अडवतो. "मग युरियाचं पाणी पिऊन म्हस का मरती?" प्रश्न बिनतोड आहे. जनावराच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जंतू असतात. ते युरियाचा झटपट अमोनिया करतात, तो रक्तात भिनतो आणि जनावर तासा-दोन तासांतसुद्धा दगावते. माणसाला तो कप्पा नाही. याचा अर्थ युरिया चाखून पाहावा असा नव्हे. पोते गोठ्यापासून आणि पोरांपासून लांब ठेवावे, खत कालवलेली बादली जनावरापुढे राहू देऊ नये. दुधात युरिया मिसळणे ही सरळ सरळ भेसळ आहे, तिचा मुळाशी काही संबंध नाही. फवारणीच्या विषारी औषधांचे अवशेष हाही पूर्ण वेगळा विषय आहे; त्याला आज हात घालत नाही.

रक्तातील युरिया साधारणपणे १०० मिलिलिटरला १५ ते ४० मिलिग्रॅम असतो. तो वाढला की पहिला संशय मूत्रपिंडावर घ्यायचा. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मोठी कारणे. त्याखालोखाल मुतखड्याने अडलेली लघवी आणि गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तरी युरिया तात्पुरता चढतो, म्हणून क्रिएटिनिन सोबत पाहावे लागते. भाजी कोणत्या खताची हे मी विचारत नाही. मीठ किती, गोळ्या नियमित आहेत का, हे विचारतो. आणखी एक गोष्ट विचारतो, शहाळ्याचे पाणी सुरू केले आहे का? 'थंड' म्हणून नातेवाईक रोज दोन शहाळी आणतात. मुळाने एवढ्या कष्टाने वेचून आणलेले पालाश त्या पाण्यात भरपूर असते. निरोगी माणसाला ते चांगले; पण मूत्रपिंड निकामी होत असताना रक्तातले पालाश वाढून हृदय बंद पडू शकते. अशा रुग्णाने शहाळे, केळी, फळांचे रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तर मुळाने जे घेतले त्याची भीती फार बाळगू नये. मूळ म्हणजे अगदी चोख पहारेकरी आहे असे मात्र नाही. आर्सेनिक हे विष स्फुरदाच्या किंवा सिलिकाच्या वेषात त्याच्या दारातून शिरते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात भातातून ते येते ते असेच. आपल्याकडे मात्र दवाखान्यात रोज दिसतो तो दोष उलटा आहे, मुळाला जे घेताच आले नाही त्याचा. त्यात पहिला क्रमांक लोहाचा.

आपली काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली त्यात लोहाची संयुगे दहा टक्क्यांहून अधिक असतात. म्हणजे लोखंडाच्या खाणीत उभे राहून ऊस लोहावाचून पिवळा पडतो! यालाच आपण 'केवडा' म्हणतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पुढे पांढरा. कारण असे की चुनखडीच्या जमिनीत, सामू आठच्या पुढे असताना, लोह गंजाच्या रूपात राहते आणि गंज पाण्यात विरघळत नाही. पिके यावर युक्ती करतात. भुईमूग, सोयाबीन, हरभरा यांची मुळे आम्ल सोडतात आणि गंजरूपी लोहाचे विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करून मग ते आत घेतात. ऊस, ज्वारी, गहू, भात ही गवताच्या कुळातली पिके वेगळा मार्ग धरतात. लोहाला चिमट्यात धरणारा पदार्थ ती मातीत सोडतात आणि चिमट्यासकट लोह आत ओढतात. जपानमध्ये ताकागी यांनी हे १९७६ साली दाखवून दिले. जमिनीत चुना फार झाला, पाणी तुंबले की या दोन्ही युक्त्या अपुऱ्या पडतात.

आता माणसाकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यांच्या ताटात लोह अजिबात नसते असे नाही. धान्य-भाजीतले लोह गंजाच्याच जातीचे असते आणि आतड्याला ते भुईमुगाच्या मुळासारखेच आधी बदलून घ्यावे लागते. लिंबू, आवळा, पेरू यांतले आम्ल आणि 'क' जीवनसत्त्व त्याला मदत करते, तर जेवणाबरोबरचा चहा लोहाला बांधून टाकतो. चुनखडी जमिनीला जे करते तेच चहा पोटाला करतो. शेतकरी केवड्यावर हिराकस वापरतो, आणि तो थेट मातीत न फेकता शेणखतात मुरवून देतो, म्हणजे त्याचा लगेच गंज होत नाही. किंवा पानावर फवारतो. सरकारी दवाखान्यातून मिळणारी रक्तवाढीची गोळी सहसा त्याच हिराकसाची, शुद्ध करून मोजून भरलेली असते. मग जी काळजी उसासाठी घेता ती घरच्या सुनेसाठी का नको? गोळी चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नये. शक्यतो लिंबूपाण्याबरोबर द्यावी. शौच काळी होते, घाबरू नये. रक्त भरल्यावरही किमान तीन महिने गोळी चालू ठेवावी. शेतीचा हिराकस मात्र चुकूनही पोटात घेऊ नये, आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. जमिनीतून थोडे अधिक लोह वेचून दाण्यात साठवणारा 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला आहे. ज्यांच्या घरी बाजरीची भाकरी आहे त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

जस्ताची गोष्ट थोडक्यात. १९६१ साली डॉ. आनंद प्रसाद या मूळच्या बिहारच्या डॉक्टरांनी इराणमधील खेड्यांतल्या, वाढ खुंटलेल्या तरुणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यामागे जस्ताची कमतरता असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याच दशकात, १९६६ साली, पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी भातावरचा 'खैरा' हा रोग कुठल्या जंतूमुळे नसून जस्ताच्या अभावाने होतो हे दाखवले. भारताच्या एक तृतीयांशाहून अधिक जमिनीत जस्त अपुरे आहे आणि स्फुरदाची खते बेसुमार टाकली तर आहे तेही पिकाला नीट मिळत नाही. आईवडिलांनी एवढे लक्षात ठेवावे की मुलाला जुलाब झाल्यावर क्षारसंजीवनीबरोबर दिलेली जस्ताची गोळी जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायची असते. बहुतेक घरांत ती चौथ्या दिवशी बंद होते.

आणि आता मुळाने जे सोडून दिले त्याविषयी. न वापरलेल्या नत्राचा काही भाग हवेत जातो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत, बोअरमध्ये येतो. पोत्यालाच दोष देऊन चालणार नाही; विहिरीलगतचा उकिरडा आणि शौचालयाचा खड्डाही नायट्रेटच देतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त नोंदले गेले आहे. ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाला सहसा काही जाणवत नाही. सहा महिन्यांखालील बाळाच्या पोटात मात्र नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते. बाळ निळसर-राखाडी दिसू लागते, सुस्त होते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. कॉमली यांनी १९४५ साली विहिरीचे पाणी आणि हा आजार यांचा संबंध प्रथम दाखवला.

मला धास्ती वाटते ती आपल्या काळजीवाहू आज्यांची. बाळाला वरचे दूध कालवायचे म्हणून त्या विहिरीचे पाणी चांगले अर्धा तास खळखळा उकळतात. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होते. तुरटीने, क्लोरीनने, कापडाने गाळूनही ते जात नाही. आरओ यंत्राने बरेचसे निघते. सर्वांत साधा उपाय म्हणजे पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, वरचे पाणी थेंबभरही नाही. आई तेच पाणी पीत असली तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. ज्या घरी वरच्या दुधाशिवाय इलाज नाही त्यांनी तपासलेलेच पाणी वापरावे. बाळाचे ओठ, नखे निळसर दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे; या आजारावर शिरेतून देण्याचे औषध आहे आणि वेळेत मिळाले तर बाळ झपाट्याने सुधारते.

शेतात युरियाचा हप्ता एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून, वाफशावर आणि मातीआड केला तर पिकालाही जास्त मिळतो आणि विहिरीतही कमी उतरतो. पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नमुना स्वच्छ बाटलीत, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा. नुसते जंतू तपासून 'पाणी पिण्यायोग्य' असा शेरा मिळाला तर त्यात नायट्रेट पाहिलेले असेलच असे नाही, तेव्हा नायट्रेटचा आकडा अहवालावर लिहून मागावा.